ऐंशीला एक कमी

"मागं कोण बसतं?"

"सात जणांची गाडी आहे, वस्ताद."

"गाडी कितीची हाय ते मला बी कळतंय. मागं कोण बसतं?"

मी गाडीखाली उताणा पडलो होतो. वस्तादांचे मला फक्त पाय दिसत होते. उजव्या पायात साधी स्लीपर, डाव्यात टायरचा जाड तळ लावलेली चप्पल. खुब्याच्या दुखण्यानं डावा पाय आखूड झाला होता. डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं, यांनी घरी येऊन टायर कापला.

"मागचे दोन्ही शॉकअप गळलेत," मी म्हणालो. "तेलानं न्हालेत. मागं कोणीही बसो, बदलायलाच लागणार."

"बरं."

पाय निघून गेले.

मला राग आला. राग मला लवकर यायचा. प्रश्न विचारायचा आणि उत्तर ऐकल्यावर 'बरं' म्हणून निघून जायचं, ही कुठली पद्धत?

वस्ताद म्हणजे दस्तगीर शिकलगार. कोल्हापुराहून गगनबावड्याला जाताना कळे गावाच्या अलीकडे, उसाच्या रानाला लागून त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. लोक त्यांच्याबद्दल चमत्कार सांगायचे. नुसत्या आवाजावरून रोग ओळखतात, हात लावला की इंजिन सुरू होतं, वगैरे. मी तिथं सव्वा वर्ष काढलं. चमत्कार एकही बघितला नाही. एका कानानं ऐकू येत नसे, दुसऱ्या कानानं ते ऐकत नसत. चिडके होते. हातातला पाना न विचारता काढून घ्यायचे आणि नंतर मलाच विचारायचे, पाना कुठाय.

पण उपदेश करत नसत. म्हणून मी टिकलो. उपदेश करणारी माणसं मी पुरेशी ऐकली होती.

गाडी बुधवारी दुपारी आली. आमच्या शेजारचे पोवारकाका घेऊन आले. मला बघून त्यांनी मान खाली घातली, वस्तादांच्या हातात किल्ली दिली, एक चिठ्ठी दिली आणि आलेल्या एसटीला हात करून निघून गेले.

अक्षर बघितल्याबरोबर कळलं.

'मागची बाजू बसते. रिकाम्या गाडीच्या चाकाच्या कमानीपासून जमिनीपर्यंत अंतर: डावीकडे ७६ सेंमी, उजवीकडे ७५.५. दुरुस्त होत असेल तर करावी. होत नसेल तर परत पाठवू नये, मोडीत द्यावी. शनिवारपर्यंत कळवावे.'

खाली सही. वि. दा. कुरणे.

म्हणजे अण्णा. माझे वडील. मी कुठं काम करतो ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. चिठ्ठीत माझं नाव नव्हतं.

साखर कारखान्यात बत्तीस वर्षं केमिस्ट. उसाचा रस मोजायचा, साखर मोजायची, मळी मोजायची. घरी आले की आम्हांला मोजायचे. दारामागं पेन्सिलीनं आमच्या उंचीच्या रेघा. आईच्या चहात साखर जास्त पडली तर जिभेनं सांगायचे. जेवताना कुणी म्हणालं, 'लई लांब आहे ते', की लगेच, 'किती?' आकडा नसेल तर बोलायचं नाही.

आणि मी इंजिनीअरिंग सोडलं ते आकड्यावरूनच.

तिसऱ्या वर्षाला एक प्रयोग होता. स्प्रिंगला वजनं लावायची, ती किती ताणते ते लिहायचं. आमच्या प्रयोगशाळेतली स्प्रिंग पोरांनी वर्षानुवर्षं ताणून ताणून मेलेली. त्यामुळे रीडिंग चुकीचं यायचं. म्हणजे खरं यायचं. सर म्हणाले, 'मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरव.' मी नाही म्हणालो. सर चिडले, मी त्यांच्यापेक्षा जास्त चिडलो. प्रकरण वर गेलं. वरच्यांनी वडलांना बोलवून घेतलं.

अण्णा आले. सगळं ऐकून घेतलं. बाहेर व्हरांड्यात येऊन मला म्हणाले,

"लिहायचं होतंस. दोन आकडे तर होते. कोण बघतंय?"

अण्णा म्हणाले हे. ज्यांनी मला मोजायला शिकवलं, त्यांनी.

मी दुसऱ्या दिवशी घर सोडलं. आई दर रविवारी फोन करायची. अण्णांनी कधी केला नाही. मीही नाही.

तर ही त्यांची गाडी. कंपनीनं आपल्याकडचा कारभार केव्हाच गुंडाळलेला, सुटे भाग मिळायची मारामार. कारखान्याच्या एका संचालकाकडून अण्णांनी ती जुनी घेतली तेव्हा मी सात वर्षांचा होतो.

"मी करतो ही," मी वस्तादांना म्हणालो. "एकटा."

"कर की."

"मध्ये बोलायचं नाही."

"मी कवा बोलतोय?" वस्ताद म्हणाले. आणि मग तो प्रश्न विचारला, मागं कोण बसतं.

गुरुवारी सकाळी मी कोल्हापुरातून नवे शॉकअप आणले. दुकानदारानं जुना हातात घेतला, लांबी बघितली, दोन्ही टोकांची भोकं बघितली. म्हणाला, "फिट बसतंय." मी मान डोलावली. माप जुळलं म्हणजे झालं.

गंजलेल्या नटांवर डिझेल सोडलं. एक नट निघता निघेना, तो कापला. अकरापर्यंत जुने बाहेर, नवे आत. जॅक उतरवला.

गाडी खाली आली. आणखी खाली आली. आणि तिथंच थांबली.

मी लांब जाऊन बघितलं. जवळ येऊन बघितलं. टेप लावला.

साडेचौऱ्याहत्तर. दोन्हीकडं.

पत्र्याच्या सावलीत वस्ताद बडीशेप चावत बसले होते.

"काय रं इंजिनेर? गाडी नमाज पडायलीय व्हय?"

मी टेप गुंडाळला.

"जुन्या शॉकअपवर किती हुती?"

"शहात्तर. उजवीकडं साडेपंच्याहत्तर."

"तू मोजलीस?"

"...चिठ्ठीत होतं."

"म्हंजे उतरवलंस."

ते एवढंच बोलले. मी त्यांना माझ्या कॉलेजची गोष्ट सांगितली होती. पावसात गॅरेज गळत होतं त्या दिवशी, एकदाच. वाटलं होतं ऐकू गेलं नाही.

"आकडा बरोबर आहे त्यांचा," मी म्हणालो. "त्यांचा आकडा चुकत नाही."

"असंल."

"स्प्रिंगा गेल्यात. दुसरं कारण नाही. शॉकअप वजन उचलत नाही, वस्ताद. वजन स्प्रिंग उचलते. शॉकअप नुसती उसळी जिरवतो. पुस्तकात आहे."

"काढ मग स्प्रिंगा."

काढल्या. मोजल्या. दोन्ही सारख्या. कुठं वाक नाही, तडा नाही. पण हातात घेतल्यावर पहिल्यांदा जाणवलं... एवढ्या मोठ्या गाडीच्या मानानं त्या बारीक होत्या. एवढ्यावर ही गाडी उभी कशी राहिली इतकी वर्षं?

वस्ताद उठले. लंगडत आले. मी कोपऱ्यात फेकलेला जुना शॉकअप उचलला. लहान मूल घ्यावं तसा दोन्ही हातांवर घेतला आणि माझ्या हातात दिला.

"ह्यो धर. आन् ह्यो तुझा नवीन धर."

एका हातात जुना, एका हातात नवा. जुना दुप्पट जड होता.

"गळून रिकामा झालाय तरी," वस्ताद म्हणाले. "ह्येच्या पोटात काय असंल रं?"

मी बसलो. फोन काढला. जे बुधवारी वाचायला पाहिजे होतं ते गुरुवारी दुपारी वाचलं. त्या शॉकअपच्या पोटात एक छोटा पंप असतो. गाडी भरली की मागं बसते. मग रस्त्यावर चालायला लागली, खड्ड्यांत वरखाली व्हायला लागली, की त्या हिसक्यांनीच पंप चालतो, आत दाब वाढतो, आणि गाडी आपली आपण उठते. वरून ना वायर, ना मोटार. स्प्रिंगा बारीक ठेवलेल्या असतात, कारण निम्मं ओझं तोच पेलत असतो.

मी त्याला नुसती उसळी जिरवणारा समजून काढून टाकला होता.

"पुस्तकात न्हाई व्हय हे?" वस्तादांनी विचारलं.

"आमच्या पुस्तकात नव्हतं."

"बरं. मागं कोण बसतं?"

परत तेच!

"कोणी नाही!" मी ओरडलो. "कोणी बसत नाही मागं. पुढं दोघं बसतात, अण्णा आणि आई. आत्या पुण्याला गेली, काकांचं भांडण झालं, पोरं ज्याच्या त्याच्या वाटेला लागली. मागं कुत्रं पण बसत नाही."

वस्तादांनी शांतपणे मान हलवली.

"मंग झालं की काम."

"काय झालं?"

"दोन म्हातारी पुढं बसणार. मागं मोकळं. थोडी खाली दिसंल, दिसू दे. तुझं नवीन शॉकअप बास हायत त्यास्नी. स्प्रिंगा घाल, नट आवळ, पोवारास्नी फोन लाव. गाडी घिऊन जा म्हनावं."

त्यांनी शर्टाच्या खिशातून किल्ली काढली आणि माझ्यापुढं धरली.

खरं होतं ते. हिशोबानं बरोबर होतं. रिकाम्या गाडीला तेवढं पुरलं असतं. अण्णांनी टेप लावला असता, साडेचौऱ्याहत्तर वाचलं असतं, तोंडातून शब्द काढला नसता. आणि मागं परत कधी कुणी बसलंच नसतं, म्हणून चूक कधी कळलीही नसती.

कोण बघतंय?

मी किल्लीकडं हात केला नाही.

"...घे की," वस्ताद म्हणाले.

मी बाहेर जाऊन गाडीच्या मागं उभा राहिलो. मागच्या काचेच्या कोपऱ्यात आत्याच्या मुलीनं चिकटवलेला एक चांदणीचा कागद अजून होता. उन्हानं पांढरा पडलेला. मी मागचं दार उघडलं. तो वास आला. रबर, डिझेल आणि कधीतरी फुटलेल्या कोकमाच्या बाटलीचा.

मे महिन्यात आम्ही कोकणात जायचो. फुलेवाडीतून पहाटे निघायचं. पुढं अण्णा आणि आई. मधे आत्या, काकू आणि काका. सगळ्यात मागं आम्ही तिघं पोरं, पिशव्यांत आणि पाण्याच्या कॅनमध्ये रुतलेले. निघायच्या आधी अण्णा टेप काढायचे. सगळे आत बसलेले, आत्या वैतागलेली, 'दादा, पुरे की आता', आणि हे रस्त्यावर उकिडवे बसून मागच्या चाकाला माप लावतायत.

"त्र्याहत्तर. चालू दे आता."

मी सीटवर उलटा, गुडघ्यांवर बसायचो, मागच्या काचेला नाक लावून. गाडी मागं बसलेली असल्यामुळं पहिल्यांदा नुसता रस्ता दिसायचा. काळा रस्ता, मागं मागं पळणारा. मग फुलेवाडी संपायची. मग हळूहळू, कुणी खालून तळहात लावावा तसं, बूड उचलायला लागायचं. रस्त्याच्या वर विजेचे खांब दिसायचे. खांबांच्या वर झाडं. बालिंग्याचा पूल येईपर्यंत काचेत आभाळ यायचं.

"उठली!" आम्ही तिघं ओरडायचो. "उठली! उठली!"

पुलापलीकडं एक चहाची टपरी होती. तिथं अण्णा गाडी थांबवायचेच. परत टेप. परत उकिडवे. आणि मग ते आकडा सरळ सांगायचे नाहीत. मला लहानपणी एकोणऐंशी म्हणता यायचं नाही, जीभ अडकायची, मी एकोणसत्तर म्हणायचो. म्हणून अण्णा म्हणायचे,

"ऐंशीला एक कमी."

आणि हसायचे. त्यांनी मला कधी जवळ घेतल्याचं आठवत नाही. पाठीवर हात ठेवल्याचंही नाही. पण 'ऐंशीला एक कमी' म्हणताना हसायचे ते आठवतं. मग टेपच्या डबीनं मागच्या काचेवर दोनदा वाजवायचे. टक् टक्.

"मागं कोण?"

आम्ही तिघं एकदम ओरडायचो, "मी!"

मला माहीत होतं ते. चालल्यावर उठते, हे मला सातव्या वर्षी माहीत होतं. तीन वर्षं इंजिनीअरिंग शिकून विसरलो होतो.

मी आत आलो. वस्ताद तसेच उभे होते. हात तसाच पुढं.

"तसलेच शॉकअप आणणार," मी म्हणालो.

"मिळत न्हाईत. कंपनी गेली."

"बघतो."

"मागं तर कोणच बसत न्हाई म्हनालास."

मी फोन घेऊन उसाच्या कडेला जाऊन बसलो.

गुरुवारची संध्याकाळ आणि शुक्रवारची सकाळ फोनवर गेली. मुंबई, सोलापूर, बेळगाव. बहुतेकांनी हसून ठेवला. एकानं सांगितलं, साधे टाका आणि गाडी विका. शुक्रवारी दुपारी पुण्यातल्या एका म्हाताऱ्या दुकानदारानं फोन तसाच सुरू ठेवून माळ्यावर शिडी लावली. मला शिडीचा आवाज ऐकू येत होता. बऱ्याच वेळानं धापा टाकत म्हणाला, "एक जोडी आहे. खोक्यावर धूळ आहे, आत नवीन आहे. कुणी विचारलंच नाही कधी. तुम्हांला खरंच पाहिजे का, का नुसतं विचारताय?"

"पाहिजे."

शनिवारी सकाळी मी कोल्हापुरात ट्रॅव्हल्सच्या गाडीवर जाऊन खोकं उतरवून घेतलं. दुपारी बारापर्यंत बसवले. जॅक उतरवला आणि आधी टेप लावला. स्वतः.

ऐंशी. रिकामी, ऐंशी.

"आता भरून बघू," मी म्हणालो. आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

ट्रकच्या दोन बॅटऱ्या, बंद पडलेला एक गिअरबॉक्स, वाळूची चार पोती. मी मागं सगळं रचलं. टेप लावला.

त्र्याहत्तर.

थांबलो. परत लावला. त्र्याहत्तर.

माझं डोकं फिरलं. मी पाना जमिनीवर आपटला. पुण्याच्या म्हाताऱ्याला शिवी घातली, कंपनीला घातली. "मेलेलेच पाठवलेत! धूळ झटकून माझ्या गळ्यात मारलेत! ही सगळी म्हातारी माणसं अशीच. सडलेलं सांभाळून ठेवायचं आणि आम्हांला द्यायचं. आम्ही म्हणायचं नवीन आहे!"

वस्ताद ऐकत होते. दोन्ही कानांनी, असं वाटलं.

"झालं?"

"काय झालं?"

"बोलून."

"...हो."

"गाडी उभी हाय न्हवं?"

मी त्यांच्याकडं बघितलं.

"उभ्या उभ्या कशी उठंल ती?" ते म्हणाले. "बस मागं."

"मी चालवतो."

"तू बस मागं. मी चालवतो."

वस्ताद गाडी चालवत नसत. खुब्यामुळं त्यांना क्लच दाबताना त्रास व्हायचा. त्यांनी पायातली जाड चप्पल काढून शेजारच्या सीटवर ठेवली, वर चढले आणि दार आपटलं. मी मागून आत शिरलो. बॅटऱ्या आणि पोत्यांच्या मधे जेवढी जागा होती तेवढ्यात, उलटा, गुडघ्यांवर. तेवीस वर्षांच्या माणसाला ती जागा पुरत नाही. डोकं छताला लागलं. तोंड काचेजवळ आलं.

नुसता रस्ता दिसत होता.

वस्तादांनी गाडी कोल्हापूरच्या अंगाला काढली. हिसके देत, चुकीच्या गिअरात. वाटेत ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांनी रस्ता फोडून ठेवला होता, आणि ते खड्डा चुकवायच्या ऐवजी शोधून शोधून त्यात घालत होते.

"वस्ताद, हळू!"

"काय?"

"हळू!"

"व्हय व्हय, मस्त चाललीय!"

एक किलोमीटर. काळा रस्ता, मागं मागं पळणारा. दोन किलोमीटर. माझे गुडघे बधिर झाले. मी विचार करत होतो, पुण्याला फोन करून काय काय बोलायचं.

मग काचेच्या वरच्या कडेला एक खांब आला.

पहिल्यांदा वाटलं चढ लागला असेल. पण रस्ता सपाट होता. खांबाच्या मागं दुसरा खांब. त्याच्या वर नारळाचा शेंडा. त्याच्या वर, लांब, निळसर... गगनबावड्याकडचे डोंगर. कुणी खालून तळहात लावल्यासारखे वर येत होते.

मी ओरडलो नाही. ओठांवर आलं होतं. तसंच ठेवलं.

"उठली," मी हळू म्हणालो.

"काय म्हनालास?"

"काही नाही. वळा आता, वस्ताद. झालं बघून."

"काय?"

"वळा म्हणतोय! परत चला!"

"ऐकू येत न्हाई रं, तोंड तिकडं करून बोलतोयस."

मला वळता येत नव्हतं. पोती होती. मी ओरडत राहिलो, ते 'व्हय व्हय' म्हणत राहिले. गावं गेली. बालिंग्याचा पूल आला आणि गेला. टपरी होती तिथं आता मोबाईलचं दुकान आहे. पूल ओलांडल्यावर मी ओरडायचं बंद केलं.

फुलेवाडी. उजवीकडं वळण, डावीकडं वळण. वस्तादांना पत्ता कुणी सांगितला, मला माहीत नाही. चिठ्ठीत नव्हता.

गाडी थांबली. इंजिन बंद झालं.

मी हललो नाही. काचेवर बाहेरून धुळीचा थर बसला होता, त्यामुळं बाहेरचं नीट दिसत नव्हतं. फाटकाची कडी वाजली. तो आवाज ओळखीचा होता. मग चपलांचा आवाज. सावकाश. आधी असा सावकाश नव्हता.

"दस्तगीर मिस्त्री तुम्हीच का?"

"व्हय."

"झाली?"

"बघा की."

मग टेपची पट्टी डबीतून ओढल्याचा आवाज. धुळीपलीकडं एक पांढरा सदरा खाली गेला. उकिडवं बसताना त्यांनी गाडीला हात टेकला. ते मला जाणवलं. गाडीला जाणवलं म्हणून मला जाणवलं.

डावीकडचं माप झालं. उठताना 'आई गं' म्हणाले. पायऱ्या उतराव्यात तसं एकेक पाऊल टाकत उजवीकडं गेले. परत खाली. परत पट्टी. बराच वेळ लागला. कदाचित दोनदा मोजलं.

मग पांढरा सदरा काचेसमोर आला आणि थांबला. आमच्यात चार बोटांचं अंतर होतं. मधे धूळ.

"ऐंशीला एक कमी," अण्णा म्हणाले. कुणाला म्हणाले, माहीत नाही.

"हां," वस्ताद म्हणाले. त्यांचं दार उघडल्याचा आवाज आला. मग जाड चप्पल जमिनीवर टाकल्याचा.

"रिकामी असती तर ऐंशी भरली असती," अण्णा म्हणाले.

"असंल."

"भरलेली आहे ही."



टक् टक्.

टेपची डबी. अगदी माझ्या कपाळासमोर.

"मागं कोण?"

माझ्या जिभेवर तो एका अक्षराचा शब्द आला आणि अडकला. लहानपणी एकोणऐंशी अडकायचं तसा.

वस्तादांची पावलं ऐकू आली, एक हलकं, एक जड, फाटकाकडून रस्त्याकडं निघालेली. मग ती थांबली.

"चार दिस झालं मी इचारतोय, सायेब. मला न्हाई सांगितलं. तुम्ही आजून एकदा वाजवून बघा."